हाड जुळले, धसक्याचे काय?

प्लास्टर कापायची करवत सुरू झाली की बहुतेक मुले घाबरतात. आवाजच तसा असतो. तिचे पाते गोल फिरत नाही, फक्त थरथरते, त्यामुळे कातडी कापली जात नाही. हे पटावे म्हणून मी ती आधी स्वतःच्या तळहातावर टेकवून दाखवतो. मग मुले हसतात, हात पुढे करतात. त्या दिवशी समोर बसलेली पाचवीतली मुलगी मात्र हसली नाही. ती थरथरत होती, घामाने भिजली होती. करवतीला घाबरली असेल, असे म्हणून मी काम उरकले.

वडिलांच्या स्कूटरवर मागे बसून ती शाळेत निघाली होती. वळणावर टेम्पोने धडक दिली. उजव्या हाताची दोन्ही हाडे मोडली होती. सहा आठवड्यांनी काढलेला एक्स-रे पाहून मला बरे वाटले. हाड छान जुळले होते. केसपेपरवर ‘व्यायाम, दोन आठवड्यांनी दाखवणे’ एवढे लिहून मी पुढच्या पेशंटला आत बोलावणार, तेवढ्यात आई दारातून मागे वळली. ‘‘डॉक्टर, एक विचारू? ही हल्ली त्या वळणावरून जातच नाही. मागच्या गल्लीतून लांबून चालत शाळेत जाते. स्कूटरवर बसत नाही. रात्री लाइट बंद करू देत नाही. प्लास्टरचा त्रास होत असेल ना?’’

आईला व्यायामाचा कागद आणायला बाहेर पाठवले आणि मी मुलीशेजारी बसलो. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘बाबा मेले असं वाटलं होतं मला.’’ अपघातानंतर जमलेल्या लोकांनी तिला रिक्षात घालून जवळच्या दवाखान्यात नेले होते. रस्त्यावर पडलेल्या वडिलांना दुसऱ्याच गाडीने दुसरीकडे नेले. मदत करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण जवळपास दोन तास त्या मुलीला एकही ओळखीचा चेहरा दिसला नव्हता, आणि वडील जिवंत आहेत हे सांगणारे कोणी नव्हते. ‘‘डॉक्टरकाका, आईला सांगू नका. ती रडते.’’

त्या सहा आठवड्यांत मी तिला चार वेळा तपासले होते. बोटे हलतात का, नाडी लागते का, सूज उतरली का, हे सगळे विचारले. रात्री झोप लागते का, हे विचारले नव्हते. आई दारातून वळली नसती, तर ती मुलगी ‘पूर्ण बरी’ म्हणून माझ्या कागदांत बंद झाली असती.

मराठीत या प्रकाराला जुना शब्द आहे, धसका. ‘पोराने धसका घेतलाय’ हे आजी पहिल्याच रात्री ओळखते. ती मीठ-मोहऱ्या ओवाळते, अंगारा लावते. त्याने काय होते हा वेगळा प्रश्न, पण निदान काहीतरी झाले आहे हे तिला दिसलेले असते. आमच्या केसपेपरवर त्यासाठी एक ओळही नसते. जखमी मुलाच्या मनावरचा ताण मोजण्याच्या पद्धती जगात वीस-पंचवीस वर्षांपासून आहेत. त्या आपल्या अस्थिरोग आणि बालरोग ओपीडीत का नाहीत, हा माझा प्रश्न आहे. तो मी आधी स्वतःलाच विचारतो आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. मार जितका मोठा तितका धसका मोठा, असे आपण धरून चालतो. अभ्यास तसे सांगत नाहीत. जखमेच्या गांभीर्यावरून मुलाच्या मनाच्या त्रासाचा अंदाज फारसा बांधता येत नाही. आठ दिवस अतिदक्षता विभागात राहिलेले मूल महिन्याभरात खेळायला लागते, आणि साध्या फ्रॅक्चरवाले मूल सहा महिने अंधाराला भिते. फरक पडतो तो त्या क्षणी मुलाला काय वाटले याने. आपण मरणार असे वाटले का, जवळचे माणूस नजरेआड झाले का, याने.

दुसरा गैरसमज याच्या उलटा. अपघातानंतर पहिल्या काही दिवसांत दचकणे, वाईट स्वप्ने, चिडचिड, आईला चिकटून राहणे हे दिसले की काही पालक हादरतात. पण अशी निदान एखादी खूण दहांतल्या आठांहून अधिक जखमी मुलांत सुरुवातीला दिसतेच. तो आजार नव्हे. बहुतेकांचे ते आपोआप ओसरते. साधारण सहा जखमी मुलांपैकी एकात मात्र ते टिकून राहते, आणि त्यांच्या पालकांतही प्रमाण जवळपास तेवढेच असते. वैद्यकीय व्याख्येत यासाठी एक महिन्याची रेघ आखलेली आहे. आघातानंतरच्या ताणाच्या विकाराचे निदान महिना उलटल्याशिवाय करता येत नाही. हा महिना लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

सहांतले ते एक मूल आधीच ओळखता येईल का? फिलाडेल्फियातील मुलांच्या रुग्णालयात फ्लॉरा विन्स्टन, नॅन्सी कसम-ॲडम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे करून पाहिले. रस्ते अपघातात जखमी होऊन दाखल झालेली ८ ते १७ वर्षांची २६९ मुले आणि प्रत्येकाचा एक पालक त्यांनी अभ्यासात घेतला. त्यातून तयार झालेली १२ प्रश्नांची यादी २००३ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. चार प्रश्न मुलाला, चार पालकाला, चार केसपेपरला.

यादी वाचताना मला त्या मुलीची आठवण झाली. मुलाला विचारायच्या प्रश्नांत हे होते : अपघातात आणखी कोणाला लागले किंवा कोणी दगावले का, आईवडील कुठे आहेत हे कळत नव्हते अशी वेळ आली का, खूप भीती वाटली का, आपण मरू असे वाटले का. पालकाला विचारायचे ते, अपघात डोळ्यांदेखत झाला का, ॲम्ब्युलन्समध्ये मुलासोबत होतात का, अगदी हतबल वाटले का, मुलाला आधीपासून वागणुकीच्या किंवा लक्ष लागण्याच्या अडचणी आहेत का. आणि केसपेपरमधून पाहायचे ते, हातापायाचे हाड मोडल्याची शंका, वय, मुलगा की मुलगी, आणि आल्या आल्या मोजलेली नाडी. बारा वर्षांखालच्या मुलाची नाडी मिनिटाला १०४ च्या वर असेल, तर ती या यादीत धोक्याची खूण. हा आकडा आमच्याकडेही कॅज्युअल्टीत प्रत्येक मुलाच्या कागदावर असतो. दुसऱ्या दिवसापासून त्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही.

त्या यादीने कौल दिला तो मुख्यतः ‘कोणाची काळजी नको’ याचा. ज्यांना तिने सुरक्षित म्हटले त्यांतल्या ९५ टक्के मुलांना पुढे टिकणारा त्रास झाला नाही. पण ज्यांना धोका आहे असे म्हटले, त्यांतली बरीच मुलेही पुढे ठणठणीत राहिली. दुसऱ्या देशांत हीच यादी वापरली तेव्हा निकाल सगळीकडे सारखे आले नाहीत. ऑस्ट्रेलियात जस्टिन केनार्डी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले की मुलालाच दहा साधे ‘हो-नाही’ प्रश्न विचारले तरी अंदाज बराचसा बरोबर येतो. हे वाचून मला हसू आले. यंत्रावरचा आकडा विश्वासाचा आणि मुलाचे बोलणे कच्चे, असे आम्ही डॉक्टर मनातल्या मनात धरून चालतो.

मुलालाच विचारायचे, हा या विषयातला सर्वांत महत्त्वाचा धडा, आणि आपल्याकडे तोच सर्वांत अवघड. आमच्या ओपीडीत मुलाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आई देते. आई नसेल तर आजी, काका, शेजारी. ‘‘दुखतं का रे?’’ असे मी मुलाला विचारतो आणि चार मोठी माणसे एकदम बोलू लागतात. आईवडील खोटे बोलतात असे नाही. खाणे कमी झाले, चिडचिड वाढली, शाळेला नको म्हणतो, हे बाहेरून दिसणारे त्यांना बरोबर दिसते. मनात पुन्हा पुन्हा येणारे चित्र, टेम्पोचा हॉर्न ऐकला की होणारी धडधड, हे त्यांना दिसत नाही. त्यातून ‘हेल्मेट घातले नव्हते’, ‘मीच उशीर केला म्हणून घाई झाली’ ही बोच त्यांच्याही मनात असते. काही पालक त्यामुळे मुलाचा त्रास कमी सांगतात, तर स्वतः हादरलेले काही जण जास्त सांगतात. मूल हे सगळे पाहत असते. आई रडते म्हणून ते गप्प बसते, आणि ते गप्प आहे म्हणून घरच्यांना वाटते विसरले.

ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने २००५ सालच्याच मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिले होते की मुलाला स्वतंत्रपणे आणि थेट विचारा, फक्त पालकांच्या सांगण्यावर विसंबू नका. अमेरिकेत येल विद्यापीठात तयार झालेली एक पद्धत याच्याही पुढे जाते. मूल आणि पालक दोघांना तेच प्रश्न वेगवेगळे विचारायचे आणि मग उत्तरे शेजारी शेजारी ठेवून दोघांसमोर बोलायचे. ‘ती झोपत नाही हे मला माहीतच नव्हते’ असे आई म्हणते, तिथेच अर्धे काम झालेले असते. या चार-पाच भेटींच्या पद्धतीने तीन महिन्यांनंतर विकाराचे प्रमाण कमी झाल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

आता प्रश्नावल्यांबद्दल. आठ वर्षांवरच्या मुलांसाठी आठ प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर, अनेक भाषांत वापरली जाते. युद्ध आणि आपत्तीतल्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेने ती मोफत उपलब्ध करून दिली आहे. चार प्रश्न नको असताना येणाऱ्या आठवणींचे, चार टाळाटाळीचे. बेरीज १७ किंवा अधिक झाली तर पुढे नीट तपासणी करायची. पाच मिनिटांचे काम.

पण कागद इंग्रजीतून मराठीत आणला म्हणजे काम झाले असे नाही. ‘ज्या वेळी तुमचा हेतू नसतो त्या वेळीही तुम्ही त्या घटनेविषयी विचार करता का?’ असे भाषांतर तिसरीतल्या मुलापुढे ठेवले तर ते आईकडे पाहते. ‘अभ्यास करताना, खेळताना मधूनच ते आठवतं का?’ म्हटले की मान हलते. ‘क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा’ यांतला फरक मुलांना कळत नाही, ‘रोज की आठवड्यातून एकदा’ हा कळतो. आणि आपली मुले ‘मला भीती वाटते’ असे सहसा म्हणत नाहीत, मुलगे तर नाहीच. ती म्हणतात पोटात दुखतं, छातीत धडधडतं, डोकं गरगरतं. हे शब्द ज्या यादीत नाहीत, ती यादी आपल्याकडे अर्धवटच. मुंबईच्या मुलाचे, मेळघाटातल्या मुलाचे आणि कोकणातल्या मुलाचे शब्दही एक नाहीत. मराठीतली प्रश्नावली आपल्याच मुलांवर तपासून घेण्याचे काम आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांतल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी प्रबंधासाठी घ्यावे. विषय शोधत ते हिंडत असतातच.

हाडवैद्य म्हणून आणखी एक सावधगिरी सांगतो. जखमी मुलाचा त्रास नेहमी मनाचाच असेल असे नाही. रात्री उठते ते दुखते म्हणून की स्वप्न पडते म्हणून? डोक्याला मार लागलेले मूल चिडचिडे होते, विसरते, झोप बिघडते. तशीच लक्षणे धसक्याचीही असतात. बेशुद्ध पडल्यामुळे अपघात आठवत नाही म्हणजे मन सुटले, असेही नाही. इस्पितळातली सुई, अनोळखी खोली, आईशिवाय घालवलेली रात्र हेही धसक्याचे कारण असू शकते. म्हणून बेरीज १७ आली की शिक्का मारायचा नसतो, बसून विचारायचे असते.

सहा वर्षांखालच्या मुलांना प्रश्नावली देता येत नाही. त्यांचे खेळ पाहायचे. गाडी आणि गाडीची टक्कर, पुन्हा टक्कर, पुन्हा टक्कर, आणि त्या खेळात मजा अजिबात नाही. किंवा बोलता येणारे मूल बोबडे बोलू लागते, अंथरूण ओले करू लागते. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये या वयासाठी निदानाचे वेगळे निकष केले, कारण मोठ्यांचे निकष लावले की ही मुले निसटत होती.

आता ‘काय करू नये’ हेही. आपल्याकडे मूल घरी आले की भेटायला रीघ लागते. बिस्किटांचा पुडा हातात देऊन प्रत्येक जण म्हणतो, ‘‘सांग बघू, कसं झालं?’’ मूल दिवसातून आठ वेळा तो अपघात सांगते. मन मोकळे होते, अशी आपली समजूत. ब्रिटनमध्ये पॉल स्टॅलार्ड यांनी रस्ते अपघातातल्या मुलांवर तज्ज्ञांकरवी असे सविस्तर बोलते करून पाहिले. २००६ मध्ये त्याचे निकाल आले. ज्यांना बोलते केले ती आणि ज्यांच्याशी इतर विषयांवर गप्पा मारल्या ती, दोन्ही गटांतली मुले सारखीच सुधारली. म्हणजे पहिल्या दिवसांत उकरून काढण्याने काही मिळत नाही. मुलाने आपणहून विषय काढला तर ऐकावे. बाकी शाळा, जेवण, झोप यांचे वेळापत्रक जितक्या लवकर पूर्ववत होईल तितके बरे.

म्हणूनच मला दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची तिसऱ्या दिवशी मानसिक तपासणी करण्याचा आग्रह पटत नाही. त्या वेळी जवळपास सगळेच हादरलेले असतात. फिलाडेल्फियात वॉर्डातच चाळणी लावून धोक्यातल्या मुलांना मदत देण्याचा लहान प्रयोग झाला, त्यातही नेहमीच्या उपचारांपेक्षा ठळक फायदा दिसला नाही. विचारायची खरी वेळ एक महिन्याने. आणि योगायोग असा की हाड मोडलेले मूल त्याच सुमारास आमच्याकडे येतेच. कोपराचे प्लास्टर तीन-चार आठवड्यांनी, हाताचे सहाच्या आसपास निघते. त्यासाठी वेगळी मोहीम, वेगळे शिबिर, वेगळा निधी लागत नाही. मूल खुर्चीत आहे, पालक सोबत आहेत, डॉक्टर ओळखीचा झाला आहे. आपण त्याचा हात पाहतो आणि घरी पाठवतो.

माझे म्हणणे एवढेच की प्लास्टर काढण्याच्या त्या भेटीत पाच मिनिटे मुलाला एकट्याला द्यावीत. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत सकाळी शंभर-दीडशे पेशंट असतात, तिथे डॉक्टरला हे जमणार नाही, हे मला ठाऊक आहे. मग प्लास्टर कापणाऱ्या कर्मचाऱ्याला किंवा परिचारिकेला शिकवावे. खरे तर मुले त्यांच्याशी जास्त मोकळी बोलतात.

‘विचारून काय उपयोग, पाठवायचे कुठे?’ हा आक्षेप सहकाऱ्यांकडून नेहमी येतो आणि तो खोटा नाही. लहान मुलांचे मनोविकारतज्ज्ञ मोठ्या शहरांतच आहेत. पण सहांतल्या एका मुलालाच पुढची गरज असते, आणि त्यातही सगळ्यांना तज्ज्ञ लागत नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असायला हवी. शाळेत समुपदेशक असेल तर त्यांना कळवता येते. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या आणि सरकारी शाळांत मुलांना तपासतात. जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासातला विलंब हे त्यांचे चार रकाने. ‘गेल्या वर्षात मोठा अपघात किंवा भाजणे झाले का, आणि त्यानंतर झोप कशी आहे?’ ही एक ओळ तिथे घालायला कोणाची हरकत असावी?

दुसरा आक्षेप, विचारले की मुलाच्या डोक्यात भरते. तशी भीती संशोधकांनाही होती, म्हणून त्यांनी अभ्यासात भाग घेतलेल्या जखमी मुलांनाच विचारले. त्या प्रश्नांनी अस्वस्थ झालेली मुले फार थोडी निघाली.

त्या मुलीचे सांगायचे राहिले. तिची परवानगी घेऊनच मी तिच्या आईला आत बोलावले. मुलगीच बोलली. आई रडली, पण त्याने काही बिघडले नाही. पुढे एका मानसशास्त्रज्ञांकडे ती काही आठवडे जात होती. आधी उभ्या स्कूटरवर बसायचे, मग गल्लीत एक फेरी, मग वळणापर्यंत. दोन आठवड्यांनी हात दाखवायला ती वडिलांबरोबर आली. कोपर, मनगट सगळे ठीक होते. जाताना वडील थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, ‘‘डॉक्टर, हे प्रश्न मोठ्या माणसांनापण विचारतात का?’’

तुमच्या घरात आत्ता एखादे मूल प्लास्टरमध्ये असेल, तर तारीख मोजा. महिना उलटल्यावरही ते एखादी जागा, वाहन किंवा विषय टाळत असेल, दचकून उठत असेल, खेळायचे सोडले असेल, तर पुढच्या भेटीत ते डॉक्टरांना आपणहून सांगा. आणि मुलाशी एकट्याने बोला अशी विनंती करा. डॉक्टर घाईत असतील, तर ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते.